एकेचाळीस समीकरणांची शेळी

दहावीचा निकाल आणि सोयाबीनची पेरणी आमच्याकडं एकाच पंधरवड्यात येते. त्यामुळं माझ्या मेहुण्याच्या कृषी केंद्रात, जिथं मी आता काम करतो, जूनमध्ये माणसं बियाण्याची पिशवी बघता बघता खिशातून मोबाईल काढतात आणि पोराचे मार्क दाखवतात. धाराशिव जिल्ह्यातल्या आमच्या वाशीच्या बाजारपेठेत मला अजून सगळे सरच म्हणतात. "सर, पोरीला काय घ्यावं पुढं?" असं कुणी विचारलं की मी म्हणतो, "बघा, तिला काय आवडतं ते." आणि उगाच थप्पीवरच्या पिशव्या सरळ करायला आत जातो. आत औषधांचा उग्र वास असतो, तो डोळ्यांत जातो. पाणी येतं ते त्यानंच, असं मी स्वतःला सांगतो.

बारा वर्षं मी गणित शिकवलं. आमच्या गावातल्या ज्युनिअर कॉलेजात, अकरावी-बारावीला, तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास घ्याल तेवढ्याचंच मानधन, तेही येईल तेव्हा, आणि दर जूनला नव्यानं अर्ज. बाराही वर्षं मी तो अर्ज भरला. गणिताची मुलं मात्र वर्षागणिक कमी होत गेली. ज्यांना जमत होतं ती क्लाससाठी लातूरला गेली, बाकीची बायोलॉजी घेऊन गणित सोडत गेली. शेवटच्या वर्षी बारावीच्या गणिताला तीन जण उरले होते. अकरावीला कुणीच नव्हतं. त्या तिघांचा तो हिवाळा मला आठवतो. खरं तर तेवढाच एक हिवाळा आठवतो. बाकीचे अकरा एकमेकांत मिसळून गेलेत.

सुवर्णा जवळच्या वस्तीवरून सायकलनं यायची. पावणेपाच फुटांची, बोलायला धीट, आणि उत्तर चुकलं तर फळ्यावरचं पुसू देत नसे, म्हणायची, "राहू द्या सर, कुटं चुकलं ते बघायचंय." निलोफरच्या अब्बांचं टेलरिंगचं दुकान होतं, आणि तिच्या हातात चित्रकला होती. बसवराज किराणावाल्यांचा. त्याच्या घरी कानडी बोलत. वर्गात तो फारसं काहीच बोलत नसे, पण त्याच्याकडं चांगला मोबाईल होता.

दिवाळीच्या सुट्टीनंतर प्राचार्यांनी मला बोलावून सांगितलं, की पुढच्या जूनला अकरावीला पुरेशी मुलं आली नाहीत तर गणित बंद करावं लागेल. ते वाईट माणूस नव्हते. सांगताना त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला होता. मी वर्गावर आलो आणि शिकवायचं सोडून त्या तिघांना ते सांगून बसलो. सांगायला नको होतं. बारावीच्या मुलांना काय करायचंय त्याचं? पण सांगितलं खरं.

सुवर्णा लगेच म्हणाली, "मंग आपुन पोरं आणू की सर."

"कुठनं?"

"शाळेतनं. दहावीच्या वर्गात जाऊ. गणितात काय मजा हाय ते दाखवू."

तेव्हा बसवराजनं पहिल्यांदा आपणहून तोंड उघडलं. समीकरणांचे आलेख काढून, ते एकमेकांना जोडून चित्रं करतात, ते त्यानं मोबाईलवर पाहिलं होतं. एक समीकरण म्हणजे एक रेघ, नाहीतर एक वळण. अशा रेघा जुळवत गेलं की चित्र होतं. त्यानं दाखवलं, परदेशातल्या कुठल्याशा मुलांनी एक जहाज काढलं होतं.

मग काय काढायचं यावर दोन दिवस वाद झाला. बसवराज म्हणाला, नळदुर्गचा किल्ला. निलोफरला फूल हवं होतं. सुवर्णा म्हणाली, "दहावीची पोरं फूल बघत्यात व्हय? शेळी काढू. काळी, लांब कानाची. आपल्या जिल्ह्याच्या नावानं वळखत्यात तिला जगात. आपुन कवा काढली का?"

ठरलं. शेळी.

शेतात ज्वारी हुरड्यावर आली होती. सकाळी कॉलेजच्या मागच्या भिंतीला ऊन यायचं, तिथं आम्ही बसायचो. चार वाजता परत तिथंच. सुवर्णानं एके दिवशी आईची शेळी दोरीला धरून आणली, मापं घ्यायला. निलोफर तिच्या पाठीला टेप लावायची आणि शेळी वळून टेप खायला बघायची. "ठैर गे, ठैर!" असं निलोफर दक्खनीत ओरडत होती, बसवराज कानडीत "निल्ल, निल्ल" म्हणत तिला थांबवू बघत होता, आणि सुवर्णा पोट धरून हसत होती. शेळीला दोन्ही भाषा कळल्या नाहीत. तिनं बसवराजच्या वहीचं एक पान खाल्लं. त्यावर पोटाच्या वळणाची गणितं होती, ती त्याला पुन्हा पहिल्यापासून करावी लागली.

निलोफरनं आधी आकृती काढली. ती बसवराजनं मोठ्या आलेख कागदावर उतरवली. वीस-बावीस कागद त्याच्या दुकानातल्या बिस्किटांच्या खोक्यांच्या पुठ्ठ्यावर चिकटवले होते. मग प्रत्येक वळणाचं समीकरण शोधायचं. पाय सोपे. एक्स बरोबर तीन म्हटलं की उभी रेघ. पण ती रेघ वर आभाळात आणि खाली पाताळात जाते. ती खुराशी सुरू व्हायला हवी आणि पोटाशी थांबायला हवी. वाय किती ते किती, हे सांगून तिला अडवायचं असतं. पुस्तकात त्याला मोठा शब्द आहे. सुवर्णा म्हणाली, "म्हंजी दावं बांधायचं की." तेव्हापासून आमच्यात तो शब्द झाला. बसवराज एखादी रेघ काढून बसला की निलोफर विचारायची, "दावं बांधलं का?"

पाठीला पसरट पॅराबोला, फेकलेल्या दगडाच्या वाटेसारखं वळण. पोटाला दुसरा, जरा जास्त वाकलेला. शिंगांनी चार दिवस खाल्ले. वर्तुळाचा तुकडा लावला तर मेंढ्याची शिंगं दिसायची. उभा पॅराबोला लावला तर ती बैलाची. शेवटी सुवर्णाला सुचलं, की पॅराबोला आडवा करून बघू. एक्स आणि वायची जागा बदलली, दोन वेळा आकडे हलवले, आणि शिंग मागं वळलं. तसंच, डोक्याला टेकून, टोकाशी किंचित बाहेर. मग बसवराजनं हळूच त्यावरून बोट फिरवलं.

बारा वर्षांत मी हजार वेळा पॅराबोला शिकवला असेल. तो शिंगात असतो हे मला माहीत नव्हतं.

डोळा शेवटी झाला. मी म्हणालो, एक वर्तुळ, त्यात एक लहान वर्तुळ. सुवर्णा म्हणाली, "न्हाय सर. शेळीची बाहुली गोल नसती. आडवी असती. जवळून बगा कवा." मी आयुष्यभर शेळ्यांच्या गावात राहिलेला माणूस, मला ते माहीत नव्हतं. आत एक चपटा एलिप्स, लंबवर्तुळ, आला. एकेचाळिसावं समीकरण. तो काढल्यावर शेळी आमच्याकडं बघायला लागली.

त्या दिवशी सामान आवरताना सुवर्णा म्हणाली, "सर, मला तुमच्यासारखं व्हायचंय."

"माझ्यासारखं म्हणजे?"

"गणिताची सर."

"सर नव्हे, मॅडम," असं म्हणून मी हसलो. ती पण हसली. त्या हसण्यात ते बोलणं संपलं. मी संपवलं.

घरी रंजनाला, माझ्या बायकोला, कौतुकानं सांगितलं. ती शिलाई मशीनवर होती. पाय न थांबवता म्हणाली, "मंग खरं का न्हाय सांगितलं पोरीला?"

"काय खरं?"

"बारा वर्षं अर्ज भरताय ते. तुमच्याबरोबरचे किती जण अजून तसेच हायत ते. जागा निघत न्हायत ते. अजून काय खरं असतंय?"

मी म्हणालो, तिचं बारावीचं वर्ष आहे, आत्ता कशाला तिचा हिरमोड. मशीन चालत राहिलं.

ते मी पुष्कळदा तपासून पाहिलंय. तिच्या भल्यासाठी गप्प बसलो का? थोडं असेल. पण कुणीतरी माझ्याकडं बघून म्हटलं होतं, की असं व्हायचंय. माझ्या पोरानं ते कधी म्हटलं नव्हतं. ते मला थोडे दिवस जवळ ठेवायचं होतं.

संक्रांतीनंतर आम्ही तीन शाळांत गेलो. शेळीचं पॅनल टमटमच्या टपावर बांधून, निलोफरच्या अब्बांनी दिलेल्या काळ्या अस्तराच्या कापडात गुंडाळून. सुवर्णानं कार्यक्रम बसवला होता. चित्र आधी दाखवायचं नाही. फळ्यावर रिकामा आलेख काढायचा आणि एकेक समीकरण सांगत जायचं. पहिले चार पाय. मग पाठ. "काय हाय ओळखा." पोरं ओरडायची, "टेबल!" "बाज!" मग मान. शिंगं आली की, "म्हैस!" मग कान, लांब, लोंबते, आणि सगळा वर्ग एकदम, "शेळी! शेळी!" तेव्हा बसवराज आणि निलोफर पॅनलवरचं कापड ओढायचे. एका शाळेत तर हेडमास्तरांनीच टाळ्या सुरू केल्या. आवाज ऐकून शेजारचे वर्ग खिडक्यांत गोळा झाले होते.

तिसऱ्या शाळेत, शेवटच्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला. "ताई, गणित घेतल्यावर पुढं काय होतं?"

सुवर्णानं माझ्याकडं पाहिलं. दाराजवळ उभा होतो मी. साठ-सत्तर पोरांची तोंडं माझ्याकडं वळली.

मी म्हणालो, "गणितवाल्याला कुठंबी मागणी असती बाळ. तुझं काय अडणार न्हाय."

सुवर्णाच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरू शकलेलो नाही. तिचा जीव भांड्यात पडला होता. तो प्रश्न त्या मुलीचा नव्हताच, तिचाच होता, आणि उत्तरही तिनंच घेतलं.

"कोण कोण घेणार गणित?" तिनं विचारलं. निम्म्या वर्गाचे हात वर झाले. येताना टमटममध्ये निलोफर ते हात मोजत होती, आणि अर्धे धरले तरी वर्ग भरतोय म्हणत होती. रस्त्याकडेच्या एका शेतात हुरडा भाजत होते. त्यांनी आम्हाला थांबवून हातात गरम दाणे दिले. राखेसकट खाल्ले आम्ही. माझ्या आयुष्यातला तो शेवटचा पूर्ण आनंदाचा दिवस असावा. तेव्हा कळलं नाही.

जूनमध्ये प्रवेश सुरू झाले. हॉलमध्ये मी टेबल मांडून बसलो, मागं भिंतीला शेळी. पोरं यायची, शेळी ओळखायची, हसायची आणि पुढच्या टेबलावर जाऊन बायोलॉजीचा फॉर्म भरायची. बापाबरोबर आलेल्या एका मुलानं मला सांगितलं, "सर, लई भारी झालं होतं तुमचं." त्याचा बाप म्हणाला, "चल." पंधरा दिवसांत दोन जण आले. दोघांसाठी वर्ग चालवता येत नाही, म्हणून ऑफिसनं त्यांनाही बदलून घ्यायला सांगितलं. त्यांनी बदललं. कुणी भांडलं नाही. मीसुद्धा नाही.

पॅनल काही दिवस प्रयोगशाळेत होतं. पुढं पावसात खिडकीची काच फुटली तेव्हा तिथं लावायला पुठ्ठा लागला. मी तेव्हा कॉलेजात नव्हतो, हे ऐकलेलं.

मग मेहुण्याचं दुकान. बसवराज वडिलांच्या गल्ल्यावर बसला. निलोफरचं लग्न सोलापूरला झालं. सुवर्णानं धाराशिवला बीएस्सीला गणित घेतलं. त्यातलं बरंचसं, कॉलेज बंद होतं म्हणून, मोबाईलवरच्या तासांत गेलं, आणि वस्तीवर रेंज नसायची म्हणून ती टेकाडावरच्या देवळाच्या पायरीवर बसून शिकली. मग बीएड. मग पात्रता परीक्षा. प्रत्येक निकालाला तिचा फोन यायचा. मी आनंद दाखवायचो. दाखवायचो म्हणजे व्हायचाही. पण फोन ठेवला की रंजना माझ्याकडं बघायची, आणि मी तिच्याकडं बघायचो नाही. सांगायला सात वर्षं होती माझ्याकडं. दर वेळी वाटायचं, आता इतकं शिकली, आता सांगून काय उपयोग. आणि कोण जाणे, एखादी जागा निघेलही.

या जूनमध्ये ती दुकानात आली. गर्दी ओसरल्यावर. बाकावर बसली. वाळली होती. एका खासगी शाळेत दीड वर्ष तिनं शिकवलं होतं. या वर्षी त्यांनी नको म्हणून सांगितलं होतं. आता घरी होती. आईबरोबर खुरपायला जात होती.

"सर, एक इचारू का?"

"विचार की."

"तुमाला तवा ठावं होतं का?"

कशाबद्दल, असं मी विचारू शकलो असतो. मेहुणा मागं पोती मोजत होता.

"व्हय," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. ती समोरच्या रस्त्याकडं बघत होती. एक एसटी आली, माणसं उतरली, एसटी गेली. ती चिडली असती तर बरं झालं असतं. रडली असती तरी. ती म्हणाली, "साक्षी, माजी धाकटी, दहावी झाली. गणितात दोनच मार्क गेल्यात. गणितच घेणार म्हणती. माजं ऐकत न्हाय. तू केलं मंग मी का नको, म्हणती. तुमी येऊन सांगा तिला."

"काय सांगू?"

"खरं ते."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी वस्तीवर गेलो. अंगणात लिंबाखाली बाज टाकली होती. सुवर्णाची आई चहा ठेवायला आत गेली. "सर आले म्हंजी कायतरी चांगलंच आसंल," असं म्हणत. साक्षी समोर येऊन बसली. बहिणीपेक्षा उंच, शांत. सुवर्णा उंबऱ्यावर बसली, लांब.

मी लगेच सुरू करायला हवं होतं. पण जुनी सवय. मी विचारलं, "गणितात काय आवडतं तुला?"

तिनं विचार केला. म्हणाली, "उत्तर आलं की बरोबर हाय का म्हणून कुणाला इचारावं लागत न्हाय. आपलं आपल्याला कळतं."

हे मला बारा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. मीही कुणाला सांगू शकलो नव्हतो. अशी पोर समोर बसावी म्हणून मी दर जूनला तो अर्ज भरत होतो बहुतेक. ती बसली होती. आणि मी तिला सांगायला लागलो.

सगळं सांगितलं. अर्ज सांगितले, वर्ग बंद झाला ते सांगितलं. माझ्यासारखे किती जण कुठल्या कुठल्या दुकानांत आहेत ते सांगितलं. तुझ्या ताईनं कुठंच काही चुकवलं नाही, तरी ती घरी आहे, हे सांगितलं. तेव्हा उंबऱ्यावर काही हललं, पण मी तिकडं बघितलं नाही. बोलता बोलता माझ्याच लक्षात येत होतं, की हे सगळं खरं असलं तरी पूर्ण खरं नाही. गणित घेऊन कुठं कुठं पोचलेली मुलंही असतात. पण ती कुठल्या गावाहून निघतात, कशी पोचतात, ते मला सांगता येत नव्हतं. मला माहीतच नव्हतं. मला इथलं माहीत होतं, ते सांगितलं.

साक्षीनं मधे एकदाच विचारलं. "मंग तुमी का शिकवत होता?"

"आवडायचं म्हणून."

तिनं हाताच्या नखांकडं बघितलं. मग म्हणाली, "बरं. मंग बायोलॉजी घेते." आणि आईला कपबश्या आणायला मदत करायला उठून गेली.

एवढंच. मी वाद घालायच्या तयारीनं आलो होतो. चहा अजून व्हायचा होता.

परत निघालो तेव्हा सुवर्णा फाट्यापर्यंत बरोबर आली. पेरलेल्या रानाच्या कडेनं, पुढं ती, मागं मी. फाट्यावर ती थांबली. मग म्हणाली, "लगीच ऐकलं तिनं."

"हो."

"मी न्हवतं ऐकलं."

"तुला मी सांगितलंच नव्हतं."

"सांगितलं आस्तं तरी ऐकलं नस्तं," ती म्हणाली. मला वाटलं, ती मला मोकळं करतेय. तेवढ्यात ती माझ्याकडं वळली. सगळ्या दिवसात पहिल्यांदा तिचे डोळे भरले होते. "पण तुमी सांगायचं तर होतं, सर. मंग मी ठावं आसून घेतलं आस्तं. ते माजं आस्तं."

एसटी आली. मी चढलो. जागा मिळाली, खिडकीशी. माझ्या शिकवण्यानं कोण गणिताकडं वळलं, ते आठवून बघितलं. एका हाताची बोटं पुरली. आणि आज एकीला परत फिरवायला चहा उकळायचाही वेळ लागला नाही. तेही जिला कुणाला विचारावं लागत नव्हतं तिला.

गाडी सुटली. सुवर्णा फाट्यावरच उभी होती. घराकडंही वळली नव्हती, रस्त्याकडंही बघत नव्हती. मी हात वर करणार होतो. केला नाही.